हनुवटीचा हुंडा

हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही 1961 च्या कायद्याने या देशात गुन्हा ठरले. तेव्हापासून वेष पालटण्याची कला हुंड्याने चांगलीच आत्मसात केली आहे. कधी तो मुलीच्या हौसेचे सोने होतो, कधी जावयाच्या फ्लॅटचा पहिला हप्ता. आपल्या ख्रिस्ती घरांत तो बहुधा सभागृहाचे भाडे, बँड आणि पाचशे पानांचे जेवण या रूपाने येतो आणि आपण त्याला ‘दोन्ही कुटुंबांचा आनंद’ असे गोंडस नाव देतो. परंतु अलीकडे त्याने घेतलेला एक वेष पाहून मी थक्क झालो. हा हुंडा पेटीत किंवा बँकेत ठेवावयाचा नसतो. तो मुलीच्या चेहऱ्यात, जबड्याच्या हाडाला स्क्रूने जखडून द्यावयाचा असतो.

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी हे लहानसे स्टेशन आहे. मराठवाड्यात आपली कुटुंबे अशी विखुरलेली, एका गावात दोन घरे, दुसऱ्यात एक. त्यामुळे सोयरीक जुळविणे हे तेथील आईबापांचे कायमचे दुखणे. तेथील एका घरी मला जो प्रश्न विचारण्यात आला, तो कोणत्याही सेमिनरीत शिकविला जात नाही. मुलगी पदवीधर, शिक्षिका. शहरातल्या एका स्थळाचा होकार जवळजवळ आला होता. मध्यस्थांनी फक्त एवढेच कळविले होते की, बाजूने काढलेल्या छायाचित्रात मुलीची हनुवटी ‘जरा आत’ वाटते. हल्ली त्यासाठी एक ‘छोटीशी प्रक्रिया’ असते, सिलिकॉनचा एक तुकडा बसवितात, तासाभराचे काम. वडिलांनी सोयाबीनच्या पैशांचा हिशेब मांडलेला होता. आई म्हणाली, “फादर, हे केलं तर पाप लागतंय का?”

पाप कोणाला लागते हा प्रश्न रास्त आहे, त्याकडे मी येईनच. पण त्या ‘छोटीशा प्रक्रिये’त नेमके काय करतात, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मध्यस्थांनाही नसावे. ज्याची मागणी आपण इतक्या सहज करतो ती वस्तू काय आहे, हे आधी पाहू.

सिलिकॉन म्हणजे वाळूतील सिलिकॉन या मूलद्रव्यापासून कारखान्यात बनविलेला रबरासारखा पदार्थ. वैद्यकात तो 1950 नंतरच्या दशकांत रुळला. त्यापूर्वी चेहऱ्यातील उणीव भरून काढण्यासाठी माणसाने हस्तिदंतापासून मेणापर्यंत सर्व काही वापरून पाहिले होते. व्हिएन्नाचे डॉ. गेर्सुनी यांनी 1899 च्या सुमारास पॅराफिनचे मेण टोचण्याची पद्धत काढली आणि युरोपातील धनिक स्त्रियांनी तिच्यावर उड्या घेतल्या. पुढे मार्लबरोची डचेस झालेली ग्लॅडिस डीकन हिने आपले नाक सरळ रेषेत आणण्यासाठी मेण टोचून घेतले; ते कालांतराने खाली ओघळून हनुवटीकडे उतरले आणि युरोपात सौंदर्याबद्दल गाजलेला तो चेहरा कायमचा बिघडला. त्या मानाने घन सिलिकॉन हा सभ्य पदार्थ आहे. तो वितळत नाही, पाझरत नाही, शरीर त्याच्याभोवती एक पातळ वेष्टन तयार करून त्याला वेगळे ठेवते. म्हणून गरज पडल्यास तो काढताही येतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सिलिकॉन म्हणजे विष असा ओरडा करणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसावयाचे नाही. कुशल हातांनी केलेली ही शस्त्रक्रिया बहुतेकांना त्रास देत नाही.

परंतु ती शस्त्रक्रिया आहे, ‘प्रक्रिया’ नव्हे. हनुवटीसाठी खालच्या ओठाच्या आतून किंवा हनुवटीच्या खाली त्वचेवर छेद घेतात. स्नायू बाजूला करून हाडापर्यंत पोहोचतात. हाडावर एक चिवट पातळ आवरण असते. ते हाडापासून सोलून सुटे करतात आणि त्याखाली दोन्ही बाजूंना एक कप्पा तयार करतात. कौशल्य या कप्प्यात आहे. तो फार मोठा झाला तर तुकडा आत सरकतो, लहान झाला तर तुकड्याची टोके दुमडून त्वचेखाली हाताला लागतात. त्याच वाटेवर, खालच्या उपदाढांच्या मुळांच्या खाली, हाडातील एका छिद्रातून मज्जातंतू बाहेर पडतो. ओठाला आणि हनुवटीला स्पर्शज्ञान देणारा तो हाच. कप्पा करताना तो ताणला गेला तर काही आठवडे, आणि दुखावला गेला तर कायमची, ओठाला बधिरता येते. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही. गालाच्या हाडावर तुकडा बसवावयाचा असेल तर वरच्या हिरडीच्या वरून तोंडाच्या आतून जातात. तेथे डोळ्याखाली बाहेर येणाऱ्या दुसऱ्या मज्जातंतूला सांभाळावे लागते.

मग तुकडा जागेवर राहावा म्हणून त्याला बांधावे लागते. कोणी आवरणाला टाके घालून बांधतात, कोणी टायटॅनियमचा एक-दोन स्क्रू तुकड्यातून हाडात बसवितात. स्क्रूमुळे तुकडा फिरत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ज्याला बांधले आहे ते हाड जिवंत असते, हे विसरून चालत नाही. वर हनुवटीचा स्नायू सतत दाबतो, खाली कठीण रबर असते, आणि वर्षानुवर्षांच्या त्या दाबाने तुकड्याखालचे हाड झिजते. शल्यविशारदांनी हे 1969 मध्येच नोंदवून ठेवले आहे. तुकडा हनुवटीच्या खालच्या, घट्ट हाडावर नीट बसला असेल तर झीज बहुधा थोडी होते आणि थांबते. तो वर, दातांच्या मुळांजवळच्या मऊ हाडावर सरकला तर मुळांपर्यंत मजल जाऊ शकते. तोंडातून छेद घेतलेला असेल तर तोंडातील जंतू आत जाण्याची भीती अधिक. आणि एकदा त्या परक्या तुकड्यावर जंतूंनी घर केले की केवळ गोळ्यांनी ते क्वचितच निघते, तुकडाच काढावा लागतो. तंबाखू आणि मिश्री लावणाऱ्यांच्या जखमा उशिरा भरतात, हेही मराठवाड्यातल्या घरांत सांगितलेले बरे.

आता सांगा, यात ‘छोटेसे’ काय आहे? बावीस वर्षांच्या मुलीच्या हाडावर बसविलेली वस्तू तिने पन्नास वर्षे वागवावयाची आहे. वरपक्षाला ती लग्नाच्या अल्बमपुरती हवी असते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. आत गेलेली हनुवटी हे पुष्कळदा नुसते रूप नसते, ते लक्षण असते. खालचा जबडाच मागे राहिला असेल तर वरचे आणि खालचे दात नीट जुळत नाहीत, जीभ मागे पडते, झोपेत श्वास अडतो, घोरणे येते. अशा मुलीला दंतवैद्याकडे न्यावे, दातांची जुळणी तपासावी, लागल्यास तारा बांधाव्यात. जबडाच पुढे आणावयाचा असेल तर तिचे स्वतःचे हाड कापून पुढे सरकविण्याची शस्त्रक्रिया आहे, ज्यात परके काहीच ठेवावे लागत नाही, फार तर ते हाड धरून ठेवणारी पट्टी. या सर्वांवर सिलिकॉनचा तुकडा बसविणे म्हणजे भिंतीला गेलेली भेग कॅलेंडर लावून झाकणे होय.

आपल्या खेड्यांतील एका दुखण्याचे नावही अनेकांना ठाऊक नसते. लहान मूल ओट्यावरून किंवा झाडावरून हनुवटीवर पडते. हनुवटीला दोन टाके पडतात, जखम भरते, सारे विसरतात. पण त्या आघाताने कानापुढचा जबड्याचा सांधा आत मोडलेला असतो. तो हळूहळू हाडाने जखडून जातो. कानातून वाहणाऱ्या पुवाकडे दुर्लक्ष झाले तरीही हेच घडू शकते. मग मुलाचे तोंड उघडेनासे होते, भाकरीचा तुकडा दातांच्या फटीतून आत सारावा लागतो, जबड्याची वाढ खुंटते आणि चेहरा पक्ष्यासारखा दिसू लागतो. गावात अशा मुलाला टोपणनाव मिळते, उपचार मिळत नाही. वस्तुतः सांधा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया आहे आणि ती जितकी लवकर होईल तितके ते मूल नीट वाढते. ज्या बाजारात पहिल्या मुलीच्या निरोगी जबड्यावर तुकडा बसविण्यासाठी जाहिरात लागते, त्याच बाजारात या दुसऱ्या मुलाच्या आईला कोठे जावे हे सांगणारे कोणी नसते. माझा राग आहे तो येथे.

हा राग केवळ धर्मगुरूचा नाही. चेहरा दुरुस्त करणे ही कला आपल्या मातीला परकी नाही, उलट जगाने ती काही अंशी आपल्याकडून घेतली आहे. 1792 साली कावसजी नावाचा इंग्रज फौजेचा एक गाडीवान टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, तिचा वृत्तान्त ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्ये छापून आला आणि वीस वर्षांनी, 1814 मध्ये, जोसेफ कार्प्यू यांनी त्या रीतीने लंडनमध्ये नाक घडविले. त्या पुणेरी कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. परंतु त्याची दृष्टी पाहण्यासारखी आहे: ज्याचे नाक कापले गेले त्याला नाक, आणि तेही त्याच्याच कातडीचे.

त्याच पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरोगात नाकाचे आतले अस्तर आणि कूर्चा नष्ट होऊन नाक मध्येच बसते. रोग बरा झाला तरी ते बसलेले नाक माणसाची ओळख सांगत राहते आणि गाव त्याला परत घेत नाही. अशा नाकात नुसता परका आधार घातला तर तो टिकत नाही, कारण आत अस्तरच उरलेले नसते; आधी त्वचा लावून नवे अस्तर द्यावे लागते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे हे पारशी डॉक्टर वैद्यकाच्या बाजारीकरणावर आयुष्यभर टीका करीत राहिले. 2007 साली ते निवर्तले. ज्या विद्येने ते माणसाला गावात परत पाठवीत होते, तिच्याच फांदीवर आज मुलीला स्थळाच्या पसंतीस उतरविण्याचा धंदा बसला आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. केरळात त्रिशूर येथे ज्युबिली मिशन हे ख्रिस्तसभेचे रुग्णालय आहे. तेथे डॉ. हिरजी अदनवाला, हेही पारशीच, यांनी साठेक वर्षे दुभंगलेल्या ओठांच्या आणि टाळूच्या बालकांवर शस्त्रक्रिया केल्या. 2020 मध्ये ते वारले. त्या विभागाला त्यांनी आपले नाव दिले नाही; मुंबईतील आपले गुरू डॉ. चार्ल्स पिंटो यांचे दिले. एका पारशाने कॅथलिक रुग्णालयात आपल्या गुरूचे नाव कोरावे, हे मला फार आवडते. असो.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. आमच्यापैकी काही धर्मबंधू अशा वेळी झटकन उत्तर देतात: देवाने दिलेला चेहरा बदलणे म्हणजे देवाची चूक काढणे. हे उत्तर सोपे आहे, ऐकायला धार्मिक आहे, आणि ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी 4 ऑक्टोबर 1958 रोजी, म्हणजे आपल्या मृत्यूच्या अवघे पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर भाषण केले. शरीराचे सौंदर्य हे सर्वोच्च नसले तरी चांगलेच आहे, ते सुधारणारी शस्त्रक्रिया स्वतःहून देवाच्या इच्छेविरुद्ध नाही, मात्र हेतू, धोका आणि कारण यांचा तोल पाहिला पाहिजे, असा त्याचा आशय होता. मोहात पाडण्यासाठी, न्यायापासून तोंड लपविण्यासाठी, निरोगी अवयवाचे कार्य बिघडवून किंवा निव्वळ मिरविण्यासाठी ती करणे त्यांनी गैर ठरविले. दुभंगलेल्या ओठाचे मूल, भाजलेली सून, अपघातात गाल चिरलेला तरुण यांना व्यासपीठावरून ‘आहे ते स्वीकारा’ असे सांगणारा धर्मगुरू त्या भाषणाच्या किती मागे आहे, हे त्यानेच ताडून पाहावे. गंमत अशी की, आपल्या सरकारनेही तीच रेषा ओढली आहे. वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या सवलतींत वैद्यकीय सेवा करमुक्त ठेवल्या, पण सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी त्यातून वगळली, आणि जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा दुखापत यांमुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया पुन्हा आत घेतली. करखात्याला जे कळते ते आपल्या मध्यस्थांना कळू नये?

येथे कोणी हुशार वाचक मला अडवील. ते म्हणतील, फादर, विवाह अडणे हेसुद्धा रास्त कारण नव्हे काय? रूपामुळे माणसाचे जगणे अडत असेल तर शस्त्रक्रियेला आधार आहे, असे तर ख्रिस्तसभाच मानते. आक्षेप बिनतोड आहे आणि म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे. कुष्ठरोगाने नाक बसते तेव्हा अडथळा रोगाने निर्माण केलेला असतो. पिंगळीच्या त्या मुलीचा अडथळा कोणी निर्माण केला? तिची हनुवटी चावण्याआड, बोलण्याआड, वर्गात शिकविण्याआड आली नव्हती. ती एका छायाचित्राआड आली, आणि ते छायाचित्र ज्यांनी हातात धरले होते त्यांनीच अडथळा उभा करून त्यावरचा उपायही सुचविला. ज्याने वाटेत दगड टाकला त्याने पुढे होऊन तो दगड उचलण्याची मजुरी मागावी, तसा हा प्रकार आहे. तेव्हा पाप लागत असेल तर ते त्या मुलीला नव्हे, तिच्या आईलाही नव्हे. मी त्या माउलीला एवढेच सांगितले.

आणि मुलग्यांचे काय? आत गेलेल्या हनुवटीचा तरुण दाढी राखतो. प्रश्न मिटला. कोणीही त्याचे बाजूने काढलेले छायाचित्र मागत नाही, त्याच्या बापाला सोयाबीनचा हिशेब करावा लागत नाही. उद्या एखाद्या वधूपित्याने सांगितले की, मुलगा चांगला आहे पण आधी दाढी काढून दाखवा, तर आपल्या धर्मग्रामात केवढा गहजब होईल, याची कल्पना करून पाहावी.

काही जण म्हणतील, मुलीलाच स्वतःहून हवे असेल तर? सज्ञान मुलीने, वरील सारे समजून, दातांची तपासणी करून, प्लास्टिक सर्जरीचे किंवा मुख व जबडा यांच्या शल्यचिकित्सेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाशी बोलून, स्वतःच्या पैशाने आणि कोणतेही स्थळ दारात उभे नसताना हा निर्णय घेतला, तर मी तिच्या वाटेत उभा राहणार नाही. मात्र तिने तज्ज्ञाला विचारावे: छेद कोठून घेणार, तुकडा टाक्यांनी बांधणार की स्क्रूने, माझ्या जबड्याची आणि दातांची क्ष-किरण तपासणी पाहिली का, बधिरता आली तर किती दिवस थांबावयाचे, आणि तो काढावा लागला तर त्याचा खर्च कोण देणार. या प्रश्नांनी जो डॉक्टर चिडेल त्याच्या टेबलावर झोपू नये.

वर सांगितलेल्या दुसऱ्या मुलांबद्दल आपल्याला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघर येथे झाला. दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा त्यात समावेश आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत पथके येऊन बालकांची तपासणी करतात. पथक गावात येते त्या दिवशी हे मूल नेमके घरात लपविलेले असते, कारण घराला लाज वाटते. वसईतले किंवा परभणीतले आपले कार्यकर्ते घरोघर जातात, त्यांनी या लाजेचे दार ठोठवावे. ज्या मुलाचे तोंड दोन बोटांइतकेही उघडत नाही त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात न्यावे. त्यासाठी फार मोठी समिती लागत नाही, मोटारसायकल आणि एक मोकळा दिवस पुरतो.

संपादकांना मात्र माझी एक विनंती आहे. आपल्या समाजाच्या नियतकालिकांतील वधूवर स्तंभांत ‘सुस्वरूप’, ‘गोरी’, ‘नाकीडोळी नीटस’ ही विशेषणे वर्षानुवर्षे छापली जात आहेत. ती यापुढे छापू नयेत. प्रत्येक जाहिरातीत निदान अर्धी ओळ वाचेल. वाचलेल्या जागेत, दुभंगलेल्या ओठाच्या आणि जखडलेल्या जबड्याच्या मुलांवर विनामूल्य शस्त्रक्रिया कोणकोणत्या रुग्णालयांत होते, त्यांचे पत्ते आणि बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा छापाव्यात.